मदत हवी आहे: पाच वर्षांच्या मुलीच्या दुधाच्या दाढांवर स्टीलची कॅप बसवावी का?

साखळीची_आई:
नमस्कार मंडळी. मुलीच्या खालच्या उजव्या बाजूच्या दोन्ही दुधाच्या दाढा किडल्यात. मागच्या दाढेला गार पाणी लागलं की गाल धरून बसते. पुढच्या दाढेत काळा खड्डा दिसतो, पण ती दुखत नाही. म्हापशाला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरबाईंना दाखवलं. एक्स-रे बघून त्या म्हणाल्या, मागच्या दाढेची कीड आतल्या नसेला पोचलीय, तिची पल्पोटॉमी करून वर कॅप बसवू. पुढच्या दाढेला मात्र ड्रिलिंग नाही, सुई नाही, सरळ कॅप चढवायची. ‘हॉल टेक्निक’ म्हणाल्या.

घरी दोन पक्ष झालेत. सासूबाई म्हणतात, पडणाऱ्या दातांवर कसले पैसे घालता? नवऱ्याचं मत, उपटून टाकूया, कटकट संपेल. मला दोन्ही पटत नाही, पण समोर ठेवायला मुद्दाही नाही.

माझी मुख्य शंका पुढच्या दाढेची आहे. कीड न काढताच वर झाकण घातलं तर ती आतल्या आत वाढणार नाही का? दुसरं, स्टील घ्यावं की पांढरं झिरकोनिया? झिरकोनियाचा आकडा स्टीलच्या दुपटीच्याही वर सांगितलाय. आणि हिला खोट्या कानातल्यांनी कानाच्या पाळ्यांना पुरळ येते, त्याचा स्टीलशी काही संबंध असेल का?

दंतवैद्य_फोंडा:
मी मुलांच्या दातांचा तज्ज्ञ नाही, साधा बीडीएस आहे. तरी सांगतो. मागची दुधाची दाढ साधारण १० ते १२ वर्षांची होईपर्यंत तोंडात असते, म्हणजे तुमच्या मुलीला अजून पाच-सात वर्षं तिनेच चावायचं आहे. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास तिच्याच मागे पहिली कायमची दाढ येते. दुधाची दाढ आधीच काढली तर ही नवी दाढ पुढे सरकते, आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही. काढायचीच वेळ आली तर ‘स्पेस मेंटेनर’, म्हणजे ती जागा धरून ठेवणारं साधन, लावतात, त्याचाही खर्च आणि सांभाळ आहेच. तेव्हा उपटून कटकट संपत नाही, असं मिस्टरांना सांगा.

हॉल टेक्निक स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंच्या नावाने ओळखलं जातं. कीड जगते ती खाण्यातल्या साखरेवर. कॅप ग्लास आयोनोमर सिमेंटने घट्ट बसली की आतल्या जंतूंची रसद तुटते आणि कीड थांबते. मात्र नस निरोगी असेल तरच. रात्री आपोआप ठणका लागणं, हिरडीवर पुळी येणं, यातलं काही असेल तर नुसती कॅप चालत नाही. कॅप बसवण्याच्या काही दिवस आधी दातांच्या फटीत रबरी रिंगा घालतात, जागा होण्यासाठी. कॅप बसल्यावर चावा थोडा उंच लागतो, जेवताना मूल कुरकुरतं. काही आठवड्यांत तो आपोआप बसतो.

पल्पोटॉमीत दाढेच्या वरच्या भागातली बिघडलेली नस काढून औषध भरतात, मुळांतली नस जिवंत ठेवतात. लोक त्यालाही रूट कॅनालच म्हणतात, पण ते वेगळं. सुईनंतर ओठ बधिर असतो आणि मुलं तो चावून सुजवून घेतात. बधिरपणा उतरेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवा.

पुरळीचं डॉक्टरबाईंना नक्की सांगा. बऱ्याचदा ती निकेलमुळे येते आणि स्टीलच्या कॅपमध्ये निकेल असतं. ॲलर्जी खरंच असेल तर झिरकोनियाचा विचार करावा लागेल. एरवी दाढेला मी स्टीलच घेईन. झिरकोनिया कापून-दाबून जुळवता येत नाही, म्हणून दातच जास्त घासावा लागतो. हॉल पद्धतीत तर स्टीलच वापरतात.

बांबोळीचा_बाबा:
आमच्या मुलाच्या दोन्ही कॅपा बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात झाल्या. मुलांचा विभाग वेगळा आहे. खर्च खिशाला परवडला, पण रांगेत अर्धा दिवस जातो, शाळेला दांडी ठरलेली. पहिल्या रात्री हिरडी दुखते म्हणून रडला, दुसऱ्या दिवशी उंडो (पाव) चहात बुडवून खात होता. दात पडायची वेळ आली की कॅप दातासकटच पडते, वेगळी काढावी लागत नाही. चिकट चॉकलेटं आणि चिक्की तेवढी बंद ठेवा.

पेडणेकर_काका:
सगळं ठीक, पण चवथीच्या नेवऱ्या-लाडवांच्या आधी घासण्याचं बघा. कॅप काय कितीही बसवाल, बाकीचे अठरा दात उघडेच आहेत.

दंतवैद्य_फोंडा:
काकांचं खरं. या वयात फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्या माणसाने फिरवायचा. ट्यूबवर फ्लोराइड किमान १००० पीपीएम आहे का तेही बघा. लहान मुलांच्या सगळ्याच पेस्टमध्ये तेवढं नसतं.

साखळीची_आई:
सगळ्यांचे आभार. नवरा ‘जागा जाते’ यावर गप्प झाला, सासूबाईंचं अजून चालूच आहे. या आठवड्यात कानातल्यांचं सांगून मग ठरवते. एक राहिलं: ती रबरी रिंग घरी निघाली आणि हिने गिळली तर?

दंतवैद्य_फोंडा:
गिळली तर सहसा शौचावाटे निघून जाते, घाबरू नका. पण खोकला लागला किंवा श्वास अडखळला तर लगेच इस्पितळात न्या. निघालेली लक्षात आली की डॉक्टरबाईंना फोन करा, जागा परत बंद झाली तर रिंग नव्याने घालावी लागते.