शिकारीच्या मांसाची चव घरी: कडकनाथ, बटेर की आणखी काही?

पलासियाकर
इंदूरात घरच्या घरी शिकारीच्या मांसाच्या जवळ जाणारी चव कशात मिळेल? कायद्यात बसणारंच हवं. झाबुआचा कडकनाथ (काळ्या मांसाचा कोंबडा) आणि फार्मची बटेर (लावा पक्षी) दोन्ही इथे मिळतात, पण कडकनाथ ब्रॉयलरच्या हिशेबाने 4 शिट्ट्यांत काढला की दाताखाली रबर लागतो, आणि बटेर मसाल्यात मुरवून रस्स्यात शिजवली तर आतून भुसा होते. चूक कटाईत आहे, मसाल्यात की वेळेत? दुसरं, ओळखीतले लोक 'गावाकडचं डुक्कर', म्हणजे बहुधा शिकारीचं रानडुक्कर, आणून देतो म्हणतात. ते घ्यावं का?

रामबागकर
आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 9 ने शिकारीवर बंदी आहे आणि कलम 39 प्रमाणे शिकार केलेल्या प्राण्याचं मांससुद्धा सरकारी मालमत्ता ठरतं. म्हणजे गोळी कोणीही घातली असो, भांडं तुमच्या गॅसवर असेल तर तुम्हीही अडकता. 2022 च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रानडुक्कर, ससा, तितर, रानातली बटेर, सगळं यात आलं.

कायदा बाजूला ठेवला तरी रानडुकराच्या मांसात ट्रायकिनेला नावाचा जंत असू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि काही जाती फ्रीझरमध्येही मरत नाहीत. त्यात छर्‍याचं शिसं मांसात कुठवर पसरलंय ते कळत नाही.

बटेर घेताना बिल मागा. फार्मवरची असते जपानी बटेर, आणि जाळ्यात धरलेली रानातली तिच्यासारखीच दिसते. पिंजरा घेऊन रस्त्यावर उभा असलेल्याकडून घ्यायचीच नाही.

काली_मासी
कडकनाथाबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घरांत तोच बिघडतो.

ब्रॉयलर साधारण 6 आठवड्यांत 2 किलोचा होतो. कडकनाथाला सव्वा-दीड किलो व्हायला 5-6 महिने लागतात आणि तोवर तो चालतो, उडतो, उकरतो. स्नायूंमधले जोडणारे धागे वयाबरोबर घट्ट होत जातात, चरबी मात्र कमी. ते धागे विरघळायला वेळ लागतो, नुसती आच वाढवून भागत नाही. 4 शिट्ट्यांत मांस आक्रसतं आणि धागे तसेच राहतात, म्हणून रबर.

खरेदी करताना चोच उघडून जीभ बघा. अस्सल पक्ष्याची जीभ करडी-काळी, तुरा जांभळट काळा, कातडी, पाय, हाडं सगळं काळपट. कातडी गुलाबी निघाली की समजा संकर आहे. अंडी काळी असतात हे मात्र खोटं, ती फिकट बदामी असतात. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून नावावर वाट्टेल ते खपतं.

खाटकाला सांगा, कातडी काढू नको, पिसं काढून जाळावर फिरव. जी काय थोडी चरबी आहे ती कातडीखालीच. मग झाकून फ्रीजमध्ये 12 ते 24 तास. कापल्या कापल्या भांड्यात टाकलेला पक्षी आकडलेलाच शिजतो, हे अर्ध्या तक्रारींचं मूळ आहे.

1 किलो साफ मांसाला: मीठ 12 ग्रॅम, हळद अर्धा चमचा, तेल 4 मोठे चमचे, कांदा 250 ग्रॅम, आलं-लसूण 2 मोठे चमचे, सुक्या मिरच्या 6, धणे 1 मोठा चमचा, मिरे 10, लवंगा 3. बस. टोमॅटो आणि काजूची पेस्ट घातलीत तर ब्रॉयलरच आणला असता तरी चाललं असतं.

तुकडे मोठे ठेवा, एका पक्ष्याचे 8. जाड बुडाच्या पातेल्यात आधी तुकडे एकेक करून कडा तपकिरी होईपर्यंत परता आणि बाजूला काढा. गर्दी केली तर पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी उकडतं. त्याच तेलात कांदा, मग आलं-लसूण आणि वाटलेला मसाला, मग तुकडे, 700 मिली गरम पाणी. झाकण लावून मंद आचेवर 75 ते 90 मिनिटं. कुकरच हवा असेल तर एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग अगदी बारीक आचेवर 25 मिनिटं आणि वाफ आपोआप जिरू द्या. तंगडीचं मांस हाडावरून चमच्याने ढकललं की सरकलं पाहिजे. रस्सा राखाडी-काळपट होतो. तो रंग आहे, घाण नाही. चोळून धुतल्याने जात नाही. त्यामुळे ताजेपणा रंगावरून कळत नाही, वास आणि चिकटपणा बघा.

सोबत मक्याची रोटी. पोळीत ही चव हरवते.

अन्नपूर्णा_रोड
काली_मासी, कच्ची पपई का नाही सांगितली? सगळे तीच लावतात.

काली_मासी
ताई, पपईचा रस काही मिलिमीटरच्या आत जात नाही. बाहेरचा थर पिठूळ होतो आणि हाडाजवळचं मांस होतं तसंच. मटणाच्या पातळ पसंद्याला लावा, किलोला 1 चहाचा चमचा, अर्धा तास. दीड तास शिजणार्‍या पक्ष्याला तिचं काही काम नाही.

तवा_आणि_तूप
बटेरचं सगळं उलटं आहे. साफ केलेली बटेर 120-140 ग्रॅमची. तिला 20 मिनिटं रस्स्यात ठेवणं म्हणजे छातीचं मांस वाया घालवणं. रात्रभर दह्यात मुरवू नका, आंबटपणाने ती खडूसारखी होते.

कात्रीने पाठीचा कणा कापून काढा, छातीवर तळहाताने दाबा, कट्ट आवाज आला की सपाट झाली. 1 लिटर पाण्यात 50 ग्रॅम मीठ, त्यात 30 मिनिटं, मग फडक्याने अगदी कोरडी करा. ओली बटेर तव्यावर चिकटते आणि कातडी फाटते. लोखंडी तवा चांगला तापवून तूप, ठेचलेला लसूण आणि मिरे (लसूण शेवटच्या मिनिटाला, नाहीतर कडू). कातडीची बाजू खाली, वर खलबत्त्याचा दगड किंवा जड झाकण, 4 मिनिटं. उलटून 3 मिनिटं. 5 मिनिटं ताटात राहू द्या. मांडीच्या सांध्यात टोचल्यावर रस गुलाबी आला तर आणखी मिनिटभर. थर्मामीटर असेल तर 74 अंश. माणशी दोन.

रस्साच हवा असेल तर रस्सा पूर्ण तयार करा, तेल सुटू द्या, मग परतलेली बटेर शेवटची 6-7 मिनिटं.

रामबागकर
'शिकारीची चव' म्हणून 'जंगली मांस' नावाचा राजस्थानी पदार्थही करून बघा, बकर्‍याच्या खांद्याचा आणि मागच्या मांडीचा. 1 किलो मटण, 200-250 ग्रॅम तूप, 15-20 अख्ख्या लाल मिरच्या, मीठ, पाणी. कांदा-लसूण नाही. मिरच्या तिखट कमी पण रंगाच्या घ्या, मथानिया मिळाली तर उत्तम. सियागंजात मसाल्यांच्या दुकानांत विचारा. बिया झटकून टाका. तुपात मटण परता, मिरच्या नंतर, कारण त्या काळ्या पडल्या की अख्खं भांडं कडू. पाणी अर्धा-अर्धा कप गरम करूनच घालायचं; एकदम ओतलं की ते उकडलेलं मटण होतं. पावणेदोन ते दोन तास. मिरच्या वाढण्याआधी काढा.

पलासियाकर
कडकनाथ 90 मिनिटांनीही घट्ट निघाला तर?

काली_मासी
वय जास्त आहे. वर्षावरचा कोंबडा असतो असा. कपभर गरम पाणी घाला, आणखी 30-40 मिनिटं द्या, मीठ आता वाढवू नका, कारण रस्सा आटतोय. तरी नाही मऊ झाला तर मांस सोडवून घ्या, हाडं पुन्हा दीड लिटर पाण्यात 2 तास उकळा आणि मिरे घालून सूप करा. पुढच्या वेळी घेताना पायामागची आर (नखीसारखा काटा) बघा. लांब, टोकदार, वळलेली असेल तर तो पक्षी सूपाचाच.