केमिकल बायोलॉजी पीएचडी: सिंथेसिसवाल्याने पेशींच्या लॅबमधल्या पहिल्या रोटेशनमध्ये काय शिकावं?

गोल_तळाचा_चंबू:
एमएस्सी सेंद्रिय रसायनशास्त्रात झालंय. पीएचडीचं ८ आठवड्यांचं पहिलं रोटेशन (एखाद्या लॅबमध्ये थोडे दिवस काम करून बघणं) पेशींच्या लॅबमध्ये आहे. कॉलम, एनएमआर, एलसीएमएस येतं, पेशींचं काम नवीन. अल्काइन (कार्बन-कार्बन तिहेरी बंधाचा छोटा गट) लावलेलं संयुग हेला पेशींना (लॅबमध्ये वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी) देऊन ते कोणत्या प्रथिनांना चिकटतं हे जेलवर बघायचंय. संयुग मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) टाकलं की गढूळ होतं, आणि क्लिकनंतर (तांब्याच्या मदतीने अल्काइनला चमकणारा अझाइड डाय जोडल्यावर) जेलवरची अख्खी लेन (एका नमुन्याची उभी रांग) वरपासून खालपर्यंत चमकते. सुरुवात कुठून करू?

पेशीघर:
गढूळपणापासून. स्टॉक १० मिलिमोलर, कोरड्या डीएमएसओमध्ये (संयुगं विरघळवायच्या द्रवात), छोट्या भागांत गोठवलेला ठेवा. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे तीच बाटली रोज उघडली की संयुग हळूहळू खाली बसतं आणि डोस कमी पडतो.

डायल्यूशनची मालिका मीडियात करू नका, डीएमएसओमध्येच करा: १०, ३, १, ०.३ मिलिमोलर. मग प्रत्येकातले २ मायक्रोलिटर ९९८ मायक्रोलिटर कोमट मीडियात सोडून लगेच ढवळा. यातले ५० मायक्रोलिटर, आधीच ५० मायक्रोलिटर मीडिया असलेल्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात). सर्वांत वरचा डोस १० मायक्रोमोलर होतो आणि डीएमएसओ सगळीकडे ०.१ टक्के राहतो. नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल प्रत्येक प्लेटवर हवाच. एवढं करूनही गढूळ झालं, तर त्या डोसचे आकडे सोडून द्या. तिथे पेशींना विरघळलेलं संयुग किती मिळालं, हे सांगता येत नाही.

संयुग शुद्ध करायची एचपीएलसी टीएफए हे आम्ल घालून केली असेल, तर अमाइन असलेलं संयुग टीएफए मीठ म्हणून येतं. वजनावरून मोल काढताना ते धरा, नाहीतर सगळीच मात्रा चुकते.

क्लिक_क्लिक:
लेन चमकण्याबद्दल. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) काय काय आहे?

गोल_तळाचा_चंबू:
ट्रिस, १ मिलिमोलर डीटीटी आणि प्रोटिएज इनहिबिटरची साधी गोळी.

क्लिक_क्लिक:
तिन्ही बदला. क्लिकला तांबं लागतं, आणि डीटीटी तांब्याला बांधतं. साध्या गोळीत बहुधा ईडीटीए असतं, तेही तांबं पकडतं, म्हणून ईडीटीए नसलेली गोळी घ्या. ट्रिसऐवजी फॉस्फेट किंवा हेपेस वापरा.

५०० मायक्रोलिटरसाठी: २० मिलिमोलर कॉपर सल्फेट २.५ आणि ५० मिलिमोलर टीएचपीटीए (तांब्याला स्थिर ठेवणारा रेणू) ५ मायक्रोलिटर आधी एकत्र करा, म्हणजे तांबं आणि टीएचपीटीए यांचं १ ला ५ हे प्रमाण साधतं. मग ते प्रथिन आणि अझाइड डाय असलेल्या नळीत घाला. त्यानंतर प्रथिनं सांभाळायला १०० मिलिमोलर अमिनोग्वानिडिन २५ मायक्रोलिटर. सर्वांत शेवटी १०० मिलिमोलर सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट २५ मायक्रोलिटर, त्याच दिवशी बनवलेलं. झाकण लावून १ तास ठेवा. हवा आत शिरत राहिली तर तांबं आणि अ‍ॅस्कॉर्बेट मिळून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि प्रथिनं खराब होतात.

मात्र हे बफर आणि ही रेसिपी सिग्नल वाढवतील, सगळीकडची चमक घालवतीलच असं नाही. ती बहुतेकदा न धुतलेल्या डायची असते. जेलआधी मिथेनॉल-क्लोरोफॉर्मने प्रथिनं खाली बसवा आणि मिथेनॉलने दोनदा धुवा. तीन लेन कायम ठेवा: संयुगाशिवाय, तांब्याशिवाय, आणि अल्काइन नसलेलं मूळ संयुग आधी भरपूर देऊन मग अल्काइनवालं दिलेली. तिसऱ्या लेनमध्ये फिकी पडते ती पट्टी कामाची, कारण तिथली जागा मूळ संयुगाने आधीच धरलेली असते. फ्लुओरेसन्स आधी स्कॅन करा, कूमासी (सगळी प्रथिनं दाखवणारा निळा रंग) नंतर.

पेशीघर:
रोटेशनचे पहिले दोन आठवडे संयुग फ्रीजरमध्येच राहू दे. ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींनाच लागणाऱ्या रंगाने) पेशी मोजणं, पासेज करणं (वाढलेल्या पेशी नव्या भांड्यात हलवणं), मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारे जिवाणू) आहे का याची पीसीआर, आणि स्टॉरोस्पोरिन (पेशी मारणारं ओळखीचं संयुग) देऊन पेशी ठराविक डोसला मरतात का, एवढं पक्कं करा. तुमच्या हातचा हा डोस आणि मेलेल्या पेशींचा आलेख तीनदा सारखा आला, तरच नव्या रेणूचा आलेख वाचता येईल. एमटीटी (जिवंत पेशी जांभळा रंग बनवतात ती चाचणी) वापरणार असाल तर पेशी नसलेल्या वेलमध्येही संयुग घाला: थायोल असलेली संयुगं रंग स्वतःच जांभळा करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात.