शेवटच्या दोन किलोमीटरसाठी गाडी बदलावी का?

निमाडवाट (राजेंद्रनगर, इंदूर)

सहा वर्षं चालवलेली स्पोर्ट-टूरर (डांबरावर लांब पल्ल्याची, वाकून बसायची मोटरसायकल) मागच्या महिन्यात विकली आणि हिमालयन ४५० ही कच्च्यातही चालणारी उंच गाडी घेतली. आमच्या रविवारच्या मंडळींपैकी निम्म्यांना हे पटलेलं नाही. पोह्यांच्या ठेल्यावर उभ्या उभ्या वाद होतो आणि कुणाचंच म्हणणं पुरं होत नाही, म्हणून माझी बाजू इथे नीट मांडतो. ज्यांना पटत नाही त्यांनीही मोकळेपणाने लिहावं.

जुन्या गाडीवर माझा अजिबात राग नाही. राऊ मागे पडलं की ती लयीत यायची, ती थेट खलघाटच्या पुलापर्यंत. थोडं वाकून बसायचं, वारा डोक्यावरून निघून जायचा, मानपूरच्या पुढे उतारावर वळण नजरेत आलं की गाडी आपसूक कलायची. हे सुख नव्या गाडीत तेवढं नाही, हे मी आधीच कबूल करतो.

पण मला नर्मदेचे काठ बघायचे असतात. महेश्वर-ओंकारेश्वरला कुठलीही गाडी जाते. त्यांच्या अधल्यामधल्या लहान गावांत मात्र डांबर बहुधा वस्तीशी संपतं आणि घाट आणखी दोनेक किलोमीटर खाली असतो. दसऱ्यानंतर मंडलेश्वरच्या पुढे अशाच एका गावी गेलो होतो. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा, पावसाने उघडे पडलेले दगड. गाडीचं पोट दोनदा घासलं. तिसऱ्यांदा पुढचं चाक दगडाच्या कडेवर आपटलं आणि हवा फुसफुसायला लागली. उतरून हात फिरवला तर रिमच्या कडेला अंगठा बसेल एवढा पोचा. गाडी ढकलत गावात आणली. वडाखालच्या पंक्चरवाल्याने रिमखाली गोणपाट घालून लाकडी मोगरीने हळूहळू कड सरळ केली, दर चार ठोक्यांनी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघत. तासाभराने निघालो. घाट राहिला तो राहिलाच.

त्या दिवशी मनात हिशेब केला. सहा वर्षांत अशा किती ठिकाणांहून परत फिरलो? अकरा आठवली. गाडी घेताना मी नेहमी विचार केला तो जास्तीत जास्त किलोमीटर कुठल्या रस्त्यावर जातात याचा. यावेळी ती अडते कुठे, हे बघून घेतली.

शिवाय यंदा देवउठनी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलायची आहे, मोटरसायकलवर. मैयाला उजव्या हाताला ठेवून जायचं तर रस्ता आपल्या सोयीचा निवडता येत नाही.

चौपदरी (इंदूर-पुणे-इंदूर)

भिया, अभिनंदन, पण माझा विरोध नोंदवतो, आणि तोही अनुभवाने. मी उंच गाडी घेऊन १४ महिने चालवली आणि परत खाली बसणारी गाडी घेतली.

सासर पुण्याचं. वर्षातून चारदा इंदूर-धुळे-नाशिक-पुणे, एका बाजूने साधारण ६०० किमी. उंच गाडीवर तुम्ही ताठ बसता, म्हणजे छातीने वारा अडवता. काचेची उंची जरा चुकली की हवेची वावटळ बरोबर हेल्मेटवर आदळते. पहिल्या तीनशे किलोमीटरला काही वाटत नाही. मालेगावनंतर मान आखडते आणि रात्री झोपताना कानात घूं घूं चालू राहतं. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात ट्रकच्या शेजारून निघताना बाजूचा वारा उंच गाडीला जो हेलकावा देतो, तो मागे बायको बसलेली असताना मला नको. २१ इंची चाक वळायलाही आळशी असतं आणि ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर ओल्या डांबरावर तेवढी पकड देत नाहीत.

तुमची अकरा ठिकाणं. सहा वर्षांत अकरा! म्हणजे वर्षाला चार किलोमीटरही नाहीत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली, तेव्हापासून निमाडातल्या वाडीवस्तीपर्यंत डांबर पोचतंय. राहिले ते दोन किलोमीटर. गाडी वडाखाली लावा आणि चालत जा! नर्मदेकडे चालत जायचं नाही तर कुठे जायचं?

स्पोकमास्तर

आकडे समोर ठेवतो, म्हणजे वाद नेमका होईल. खाली बसणारी म्हणून डॉमिनार ४०० घेऊ, उंच म्हणून हिमालयन ४५०. दोघींची ताकद ४० पीएसच्या (अश्वशक्तीच्या) आसपास. वजन एकीचं १९३ किलो, दुसरीचं १९६. म्हणजे इंजिन आणि वजनाने या दोघींत फारसं अंतर नाही. अंतर इथे आहे: जमिनीपासूनची मोकळी उंची १५७ मिमी आणि २३० मिमी. पुढच्या शॉकअपची हालचाल १३५ मिमी आणि २०० मिमी. पेट्रोलची टाकी १३ लिटर आणि १७ लिटर.

मोठ्या चाकाचं कौतुक जरा जास्तच होतं, हेही सांगतो. डॉमिनारच्या पुढच्या ११०/७०-१७ टायरचा बाहेरचा व्यास हिशेबाने ५८६ मिमी येतो, हिमालयनच्या ९०/९०-२१ चा ६९५. आठ सेंटीमीटर उंच दगडाला लहान चाक साधारण ४३ अंशांच्या कोनात भिडतं, मोठं ४० अंशांत. फरक जेमतेम चार अंशांचा! खरं काम करतो तो लांब शॉकअप. तो दगड गिळतो, म्हणून रिम वाचते. तारांचं चाक थोडं लवतं, हाही फायदा. पण बऱ्याच तारांच्या चाकांत ट्यूब असते. ट्यूबलेस टायरला रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत काडी लावून पुढे निघता येतं. ट्यूब म्हणजे चाक खोला, टायर उतरवा. परिक्रमेला निघण्याआधी हे घरच्या अंगणात दोनदा करून बघा.

आणि एक गोष्ट ज्यावर कुणी बोलत नाही: मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडू न देणारी यंत्रणा) बंद करता येणं. गिट्टीच्या उतारावर एबीएस ब्रेक सोडत राहतो आणि गाडी पुढे सरकतच राहते. बंद केला की अडलेलं चाक स्वतःपुढे खडीचा ढीग जमवतं आणि त्यावर गाडी थांबते. पुढचा मात्र चालूच राहू द्या.

पाचफूटएक (सुदामानगर)

इथे सगळे दगड आणि शॉकअपबद्दल बोलताय. मला सिग्नलबद्दल बोलायचंय.

माझी उंची नावातच आहे. शोरूममध्ये हिमालयनवर बसून बघितलं. सीट ८२५ मिमी. एका पायाची बोटं टेकतात, टाच हवेत. कमी उंचीचं सीट वेगळं मिळतं असं सांगितलं, पण त्याने फार तर चवडा टेकेल. सपाट फरशीवर हे जमलं. आता पलासियाच्या सिग्नलला, डाव्या बाजूला ई-रिक्षा खेटलेली, रस्त्याला उजवीकडे उतार, आणि मला उजवा पाय टाकायचाय. पाय जमिनीपर्यंत पोचेपर्यंत गाडी एवढी कलते की १९६ किलो सावरणं माझ्या हातात राहत नाही. गाडी चालताना पडत नाही, उभी असताना पडते. कच्च्या रस्त्यावर तर जास्तच, कारण पाय जिथे टाकावा तिथे नेमका खड्डा असतो.

निमाडवाट दादा, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर असेल. पण आपल्या मंडळींत आता सगळ्यांना 'उंच गाडी घ्या' असं सांगणं चाललंय, ते मला धोक्याचं वाटतं. मी ८०० मिमीच्या सीटवर दोन्ही चवडे टेकवून जाम दरवाज्यापर्यंत दर महिन्याला जाते. तिथून खाली निमाड दिसतं, ते उंच गाडीवरून काही वेगळं दिसत नसावं.

यझदीवाले काका

मी १९७० च्या दशकात यझदीवर मांडू केलं, जानापाव केलं, भर पावसात चोरल नदीचा रपटा (पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल) ओलांडला. तेव्हा या असल्या जाती नव्हत्या. गाडी म्हणजे गाडी. मागे एकजण, हँडलला पिशवी, खिशात एक जादा प्लग. रस्ता खराब लागला तर हळू चालवायची. आजच्या मुलांना हळू चालवायचं नाही म्हणून त्यांना वेगळी गाडी लागते, असं माझं स्पष्ट मत आहे.

निमाडवाट

काका, तुमचा मान राखून एक सांगतो. तुमच्या यझदीची चाकं १८ इंची होती, बुलेटची तर १९. सीट सपाट, हँडल रुंद, पाठ ताठ. तेव्हाचे रस्तेच तसे, म्हणून साध्या गाडीतच हे सगळं असायचं. पुढे डांबर सुधारलं तशी चाकं १७ वर आली आणि हँडल खाली गेलं. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर ८० जी/एस काढली आणि १९८१ मध्ये तिने पॅरिस-डकार ही वाळवंटातली शर्यत जिंकली, तेव्हापासून उंच गाडीला वेगळं नाव मिळालं. मला तर वाटतं मी तुमच्याच गाडीकडे परत गेलोय.

चौपदरी, वाऱ्याचं पूर्ण मान्य. पुण्याला चारदा जायचं असतं तर मीही बदलली नसती. पण मी त्या अकरा जागा मोजल्या, त्या फक्त परत फिरलेल्या. जिथे जायचं मनातच आणलं नाही, त्या कशा मोजणार? माणूस आपल्या गाडीला झेपेल एवढंच बघायला लागतो, आणि हे त्याच्या लक्षातही येत नाही. चालत जाण्याचं म्हणाल तर एका घाटासाठी जरूर जाईन. परिक्रमेत मुक्काम बहुतेक खाली काठालाच असतो. सामान बांधलेली गाडी रात्रभर वर रानात सोडून खाली झोप लागायची नाही.

ताई, तुमचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटला. मी पाच फूट नऊ आहे, त्यामुळे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. यापुढे कुणाला सुचवताना आधी टाच टेकते का ते विचारीन.

ठिबकवाला (खरगोन)

इतके दिवस नुसतं वाचतो, आज लिहितो. माझं काम ठिबकच्या नळ्या बसवायचं. कापूस, मिरची, केळी, रोज चार-पाच शेतं. तुम्ही ज्याला शेवटचे दोन किलोमीटर म्हणताय तो माझा रोजचा रस्ता, आणि मी तो स्प्लेंडरवर करतो. वजन ११२ किलो, चाकं १८ इंची. मागे नळीचं भेंडोळं बांधलेलं असतं. माझ्या पुढे दूधवाला दोन कॅन लटकवून जातो. चिखलात फसली तर एकटा उचलून बाजूला ठेवतो. १९६ किलोची गाडी पांदणीत आडवी झाली तर दोन माणसं लागतात, आणि दुपारी पांदणीत माणूस नसतो.

म्हणून दोन्ही बाजूंना सांगतो, कच्च्यात उंचीपेक्षा हलकेपणा कामाचा.

निमाडवाट

दादा, निव्वळ कच्च्यासाठी तुमची गाडी माझ्यापेक्षा सरस, यात शंका नाही. पण मला पहाटे इंदूरहून निघून अडीचशे किलोमीटर डांबर कापायचं, मग तुमच्या पांदणीत उतरायचं आणि रात्री मुक्कामी पोचायचं. स्प्लेंडरवर पहिला भाग जड जातो, स्पोर्ट-टूररवर दुसरा अडतो. दोन्ही एका दिवसात करायचं तर मला अजून तरी हीच गाडी दिसते. आडवी झाल्यावर उचलायचं मात्र मनावर घेतलं. काल अंगणात मुद्दाम निजवली आणि पाठ गाडीला लावून, मांड्यांच्या जोरावर उचलली. तिसऱ्या प्रयत्नात उठली. सामान उतरवल्याशिवाय उठत नाही, हे कळलं.

चौपदरी

तिसऱ्या प्रयत्नात, आणि तेही फरशीवर. माझं मत बदललेलं नाही. परिक्रमेला शुभेच्छा मनापासून, पण एकटे जाऊ नका.

पाचफूटएक

एकटे जाऊ नका, हे माझंही. बडवानीपर्यंत मी आणि मैत्रीण सोबत येऊ शकतो. आम्ही डांबरावरून, तुम्ही खाली उतरा, संध्याकाळी मुक्कामी भेटू.

ठिबकवाला

कार्तिकात निघणार म्हणजे वाटा वाळलेल्या असतील, ते बरं. तरी एक ध्यानात ठेवा. अवकाळी सर पडली तर काळ्या मातीत दोन दिवस पाय घालू नका. ती माती गोचिडासारखी चिकटते, मडगार्ड आणि टायरच्या मधे भरते आणि वाळली की चाकच फिरत नाही. मग मडगार्ड खोलायचं किंवा काठीने उकरत बसायचं. बाभळीची हातभर काठी टोक काढून सामानात बांधा. आणि पुढचं मडगार्ड टायरला किती जवळ आहे ते आत्ताच बघून ठेवा, दोन बोटं जायला हवीत.

निमाडवाट

बघितलं. एकच बोट जातं. उद्या मेकॅनिककडे नेतो.