एपकॉटमधील ‘वर्ल्ड शोकेस’ लहान मुलांसह कसे पाहावे?

प्रश्न — सायली_रॅले

नमस्कार मंडळी,

मार्चच्या अखेरीस आम्ही फ्लॉरिडातील ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्ड पाहायला जाणार आहोत. आमच्याबरोबर साडेपाच वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून येणारे माझे सासू-सासरे असतील. मॅजिक किंगडमविषयी येथे भरपूर माहिती मिळाली. माझा प्रश्न डिस्नेच्याच एपकॉट या उद्यानातील वर्ल्ड शोकेसबद्दल आहे. तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत आणि ती सर्व पायी फिरत पाहता येतात, हे कळल्यापासून सासरे त्याच दिवसाची वाट पाहत आहेत. उलट, आमचे येथील काही स्नेही मात्र ठामपणे सांगतात की तो भाग मोठ्यांच्या खाण्यापिण्याचा आहे, मुले तेथे तासाभरात कंटाळतात, तेव्हा एपकॉट वगळलेले बरे.

मुलगी फार चौकस आहे. प्रत्येक दालनासमोर उभे करून तिचे छायाचित्र काढायचे आणि पुढे चालू लागायचे, असा दिवस मला नको आहे. दोन्ही मुलांना खरोखर आनंद होईल आणि आजी-आजोबांचीही फार दमछाक होणार नाही, अशा रीतीने हा भाग पाहता येतो का? सासूबाई अंडेही खात नाहीत, त्यामुळे जेवणाबद्दलही सांगावे.

उत्तर — ऋजुता_टँपा

सायली, एपकॉट मुळीच वगळू नका. आम्ही जवळच राहतो आणि वार्षिक पास असल्यामुळे मुले रांगत होती तेव्हापासून तेथे जात आलो आहोत. वर्ल्ड शोकेस लहान मुलांना कंटाळवाणे वाटते ते बहुधा अकराही देश ‘पूर्ण’ करण्याच्या हट्टामुळे. तळ्याभोवतीचा रस्ता जवळजवळ दोन किलोमीटरचा आहे, आणि प्रत्येक दालनात आत-बाहेर केले की चालणे त्याच्या दुप्पट होते. तीन किंवा चार देश निवडा, तेथे मनसोक्त रेंगाळा आणि उरलेले बाबागाडीतून दिसतील तेवढे दिसू द्या.

आधी राइड्सबद्दल. एपकॉटच्या पुढच्या भागातील अनेक मोठ्या राइड्सना उंचीची अट आहे. ‘सोरिन’साठी सुमारे १०२ सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे तुमचा धाकटा तेथे बसूच शकणार नाही. वर्ल्ड शोकेसमधील मेक्सिको, नॉर्वे आणि फ्रान्स या तिन्ही दालनांतील राइड्सना अशी कोणतीही अट नाही, त्यामुळे आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना एकत्र बसता येते. मेक्सिकोच्या पिरॅमिडमध्ये शिरल्यावर भर दुपारीही आत तिन्हीसांजेचा उजेड असतो, चौकात दुकाने मांडलेली असतात, पलीकडे पाण्याच्या काठावर लोक जेवत असतात आणि त्यांच्या समोरून तुमची नाव संथपणे निघते. या नावेसाठी रांग बहुधा थोडी असते. मुलांना आवडले तर लगेच पुन्हा बसावे. नॉर्वेतील ‘फ्रोझन’ चित्रपटावरच्या नावेत अंधार आहे, ती थोडा वेळ उलटी जाते आणि शेवटी एक छोटी घसरण आहे. साडेपाच वर्षांच्या मुलीला बहुधा काही वाटणार नाही, पण दोन वर्षांच्या मुलाला घट्ट धरून बसावे लागेल. ही राइड आणि फ्रान्समधील ‘रॅटाटुई’ चित्रपटातल्या उंदराची राइड सहसा सकाळीच सुरू होतात, बाकीची बहुतेक दालने मात्र अकराच्या सुमारास उघडतात. त्यामुळे या दोहोंपैकी एक सकाळीच उरकून घ्यावी आणि मग घाई सोडावी. मार्चअखेर शाळांच्या वसंत सुट्टीची गर्दी असते, तेव्हा हे विशेष उपयोगी पडेल.

माझ्या मुलांना मात्र सर्वांत जास्त आनंद राइड्सबाहेरच मिळाला आहे. जर्मनीच्या दालनाला लागून, इटलीकडे जाताना, उघड्यावर एक छोटे गाव वसवलेले आहे. त्यात बोगदे, पूल, चर्च आणि ओट्याएवढ्या उंचीची घरे आहेत आणि या सगळ्यांतून खेळण्यातल्या आगगाड्या धावत असतात. दोन वर्षांचे मूल कठड्याला नाक लावून उभे राहिले की गाडी बोगद्यात शिरते तेव्हा ते दुसऱ्या तोंडाकडे पळते, गाडी बाहेर आली की आरोळी ठोकते आणि पुन्हा पहिल्या जागी येते. तेथे रांग नाही, वेळेचे बंधन नाही, आणि आजी-आजोबांना शेजारी निवांत टेकता येते. जर्मनीच्याच चौकातील घड्याळात दर तासाला टोल पडतात आणि बाहुल्या बाहेर येतात, तेवढी वेळ साधून जावे.

जपानच्या दालनासमोर पाण्यात उभी असलेली लाल तोरी कमान मियाजिमा येथील इत्सुकुशिमा मंदिराच्या कमानीवरून घेतलेली आहे. तिच्या खांबांच्या बुडाशी समुद्रातल्या शिंपल्यांसारखे खवले मुद्दाम चिकटवलेले दिसतात. तळ्यातल्या कमानीने समुद्रात वर्षे काढल्यासारखे वाटावे, म्हणून केलेली ती कारागिरी आहे. मुलीला आधी काही न सांगता फक्त ‘खांबाच्या पायाशी काय दिसते?’ एवढेच विचारा. शेजारचा पाच मजली पॅगोडा नारा येथील होर्यु-जी मंदिराच्या पॅगोड्यावर बेतलेला आहे. त्याचे पाच मजले पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि आकाश यांचे मानले जातात. म्हणजे आपली पंचमहाभूतेच! ती गोष्ट नातीला सांगायला तुमच्या सासऱ्यांइतके योग्य कोणी नाही. मागच्या बागेतील पाण्यात रंगीत कोई मासे आहेत, आणि ताइको या जपानी ढोलवादनाच्या वेळा त्या दिवशी डिस्नेच्या अॅपवर पाहता येतात. ढोलाचा नाद छातीत घुमतो, तेव्हा धाकट्याला प्रथम जरा लांबून ऐकू द्यावे.

चीनच्या दालनात बीजिंगच्या स्वर्गमंदिराची प्रतिकृती आहे. तिच्या गोल सभागृहात अगदी मधल्या फरशीवर उभे राहून हळू बोलले तरी आपलाच आवाज आपल्याला वेगळा, भरीव ऐकू येतो. आतला वर्तुळाकार पडद्यावरचा चित्रपट उभ्यानेच पाहावा लागतो. लहान मुले आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना तो सोडून दिला तरी चालेल.

उत्तर — मिलिंद_डॅलस

ऋजुता यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु संध्याकाळबद्दल एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. सायंकाळनंतर, विशेषतः शुक्रवारी आणि शनिवारी, या भागात देशोदेशींची मद्ये चाखत फिरणाऱ्या मोठ्यांची गर्दी वाढते. वातावरण असभ्य नसते, पण बाबागाडी घेऊन वाट काढणे कठीण होते आणि मुलांना माणसांच्या कमरेपलीकडचे काहीच दिसत नाही. तळ्यावरची आतषबाजी सुंदर असते, परंतु ती रात्री उशिरा होते आणि तिचा आवाज पाण्यावरून चहूबाजूंनी आदळतो. दोन वर्षांच्या मुलासाठी कानांवर बसणारे आवाजरोधक हेडफोन नेणार नसाल, तर आतषबाजीचा आग्रह धरू नये. शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे आणि सहाच्या आत परतावे.

तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळे धाकट्यासाठी दिवस ‘वसूल’ करण्याचे दडपण तसेही नाही.

उत्तर — वासंती_मराठीशाळा

सायलीताई, तुमची मुलगी चौकस आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून मी थोडे निराळ्या अंगाने लिहिते. मी येथील मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते आणि सुट्टीहून आलेली मुले मला सांगतात, ‘बाई, आम्ही जपानला जाऊन आलो!’ त्यांच्या आनंदावर विरजण घालू नये, हे खरेच. पण दालन म्हणजे देश नव्हे, हे पाच वर्षांच्या मुलालाही समजावता येते आणि ते समजले की पाहण्याची गोडी वाढते. हा भाग १ ऑक्टोबर १९८२ रोजी नऊ दालनांसह उघडला, १९८४ मध्ये मोरोक्को आणि १९८८ मध्ये नॉर्वे आले, आणि त्यानंतर एकही नवा देश जोडला गेलेला नाही. बहुतेक दालनांत त्या त्या देशाची ओळख म्हणून जुन्या वास्तू आणि पारंपरिक पोशाख मांडलेले आहेत. आजचे मेक्सिको शहर किंवा आजचे टोकियो तेथे दिसणार नाही. ‘पुण्याचे असे दालन करायचे झाले तर तू काय ठेवशील?’ असे मुलीला विचारून पाहा. आजी-आजोबा बरोबर असताना या प्रश्नावर अर्धा तास सहज रंगेल, आणि शनिवारवाडा ठेवायचा की मेट्रो, यावर दोन्ही पिढ्यांची मते ऐकण्यासारखी असतील.

मोरोक्कोचे दालन ऋजुता यांच्या यादीत नाही. ते मी आवर्जून सुचवेन. तेथे राइड नाही, म्हणून बहुतेक कुटुंबे बाहेरूनच जातात. या दालनाचे नक्षीकाम करण्यासाठी मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांनी आपल्या देशातून कारागीर पाठवले होते. भिंतींवरील झेलीज, म्हणजे लहान लहान रंगीत फरश्यांचे तुकडे जुळवून केलेली भौमितिक नक्षी, ही मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरच सुरू होते. मुलीच्या हाती कागद आणि रंगीत खडू द्या, एकच चांदणी निवडायला सांगा आणि तिला किती कोन आहेत ते मोजू द्या. अरुंद बोळ, सावली आणि कारंजे असल्यामुळे दुपारच्या उन्हात तेथे बरे वाटते.

नॉर्वेत ‘फ्रोझन’ची रांग मोठी असली, तर शेजारच्या लाकडी चर्चमध्ये अवश्य जावे. नॉर्वेतील ‘गोल’ नावाच्या गावच्या मध्ययुगीन लाकडी स्टाव चर्चवरून ते बांधलेले आहे. चित्रपटातले अरेंडेल हे कल्पित राज्य आहे आणि नॉर्वे हा खरा देश आहे, हा फरक मुलांना या दारात उभे राहून छान कळतो.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तेथे काम करणारी माणसे. अनेक दालनांत त्या त्या देशातून आलेले तरुण-तरुणी काम करतात आणि त्यांच्या नावाच्या बिल्ल्यावर गावाचे नावही लिहिलेले असते. प्रत्येक दालनात ‘किडकॉट’ नावाचे मुलांसाठीचे टेबल असते आणि तेथे त्या देशाची चित्रे असलेले कार्ड विनामूल्य मिळते. कार्ड घेऊन लगेच निघू नका. गर्दी नसेल तर मुलीला तिचे नाव सांगू द्या आणि ते त्यांच्या लिपीत किंवा भाषेत लिहून देता येईल का, असे तिलाच विचारू द्या. गावी शाळेत मधल्या सुट्टीत काय खातात, पाऊस कधी पडतो, आजी कोठे राहते, असे मुलांचे प्रश्न ऐकून ही मंडळी किती खुलतात, ते मी पाहिले आहे. घर सोडून दूर आलेल्या माणसाला कोणी त्याच्या गावाबद्दल विचारले की काय वाटते, हे आपल्याला येथे कोणी समजावून सांगायला नको.

भारताचे दालन तेथे नाही. हा प्रश्न मुलीकडून किंवा सासऱ्यांकडून नक्की येईल, तेव्हा उत्तराची तयारी ठेवा. माझ्या वर्गातील मुलांना मी ‘मग तुम्हीच ते काढा’ असे सांगते आणि मोठा कागद पसरून देते.

सायली_रॅले

सर्वांचे मनापासून आभार. जपान, जर्मनी, मोरोक्को आणि मेक्सिको असे चार देश आम्ही निश्चित केले आहेत, आणि पंचमहाभूतांचे वाचून सासरे आतापासूनच गोष्ट जुळवू लागले आहेत. जेवणाबद्दल आणि दुपारच्या विश्रांतीबद्दल कोणी सांगेल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात.

उत्तर — ऋजुता_टँपा

बाहेरचे खाणे आत नेता येते, फक्त काचेची भांडी चालत नाहीत. त्यामुळे दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धाकट्यासाठी मऊ भात असे काही बरोबर ठेवावे, म्हणजे सासूबाईंची अडचण राहणार नाही. नॉर्वे आणि फ्रान्समधील बेकरीच्या पदार्थांत बहुधा अंडे असते, तेव्हा ते विचारल्याशिवाय घेऊ नये. एक वेळ बसून जेवायचे असेल तर इटलीच्या दालनातील पिझ्झाचे उपाहारगृह चांगले आहे. तेथील तीन भट्ट्यांना एटना, व्हेसुव्हियस आणि स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखींची नावे दिलेली आहेत आणि प्रत्येक भट्टीचे तोंड म्हणजे मिशाळ चेहऱ्याचा आ वासलेला जबडा आहे. मुलांना पिझ्झापेक्षा त्या भट्ट्यांचेच अप्रूप वाटते. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, ते त्याच सकाळी करून टाकावे आणि अंड्याबद्दलची नोंद तेव्हाच लिहावी. साधे थंड पाणी खाद्यपदार्थांच्या खिडकीवर मागितल्यास फुकट मिळते.

गुडघ्यांसाठी प्रवेशद्वाराजवळ चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. सासूबाईंना संकोच वाटला तरी ती सकाळीच घ्यावी, कारण थकल्यावर तळ्याच्या पलीकडून परत येऊन ती आणणे कोणालाच जमत नाही. तळ्यातून जर्मनी आणि मोरोक्कोच्या धक्क्यांपर्यंत फेरीबोटी जातात, आणि तुमच्या यादीत नेमके हेच दोन देश आहेत. धाकट्याच्या झोपेची वेळ झाली की अमेरिकेच्या दालनातील ‘अमेरिकन अॅडव्हेंचर’च्या सभागृहात जाऊन बसावे. सुमारे अर्ध्या तासाचा कार्यक्रम, गार हवा आणि आरामाच्या खुर्च्या असल्यामुळे माझी मुले तेथे हमखास झोपत, आणि सासऱ्यांना बेंजामिन फ्रँकलिन व मार्क ट्वेन यांच्या बोलत्या-चालत्या पुतळ्यांकडून अमेरिकेचा इतिहास ऐकता येईल. लंगोट बदलणे, दूध पाजणे किंवा भात गरम करणे यांसाठी मेक्सिकोच्या अलीकडे असलेल्या इमारतीत शिशू केंद्र आहे, ते नकाशावर आधीच खूण करून ठेवावे.

तुम्ही जाल तेव्हा वसंतातील फुलांचा उत्सव सुरू असेल. झाडे कातरून घडवलेल्या मोठमोठ्या व्यक्तिरेखा वाटेवरच असतात आणि फुलपाखरांचे घरही सहसा असते. त्यासाठी वेगळे तिकीट नाही. आगगाडीच्या गावालाही त्या दिवसांत फुलांची सजावट असते, म्हणून तेथे अर्धा तास जास्तच धरा.