गढवाल रायफल्स: पेशावर गाळू नका

भारतीय सैन्यातल्या गढवाल रायफल्स या रेजिमेंटचा विषय निघाला की १९६२ च्या चीन युद्धातल्या नुरानांगच्या लढाईबद्दल आणि तिथे लढलेल्या रायफलमन जसवंतसिंह रावत यांच्याबद्दल भरभरून लिहिलं जातं, ते योग्यच आहे. पण गढवाल रायफल्सच्या इतिहासातून पेशावर गाळलं, तर माझ्या मते तो अर्धाच राहतो.

१८८७ मध्ये उभी राहिलेली ही पलटण. तिचं घर लॅन्सडाउन, म्हणजे जुनं कालूडांडा. पहिल्या महायुद्धात या डोंगरी पोरांना फ्रान्सच्या सपाट चिखलात उतरवलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये फेस्तुबेरजवळ जर्मनांनी घेतलेले खंदक परत मिळवायचे होते. नायक दरवानसिंह नेगी यांना डोक्यात दोन ठिकाणी आणि दंडाला जखमा झालेल्या. तरीही खंदकाच्या एकेका वळणावर, अगदी जवळून होणाऱ्या बॉम्ब-गोळ्यांच्या माऱ्यात ते पुढे घुसत राहिले. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता २३ एप्रिल १९३०. पेशावरमधला ‘किस्सा ख्वानी’ नावाचा बाजार, समोर इंग्रज राजवटीविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या निःशस्त्र पठाणांचा जमाव आणि याच रेजिमेंटला गोळीबाराचा हुकूम. हवालदार चंद्रसिंह गढवाली यांनी आपल्या जवानांना गोळी चालवू दिली नाही. चंद्रसिंह स्वतः फ्रान्स आणि मेसोपोटेमियात लढून आलेले, त्यामुळे हा भित्रेपणा होता असं कुणी म्हणूच शकत नाही. इतर तुकड्यांनी त्या दिवशी गोळ्या झाडल्याच, माणसं मेली. कोर्ट मार्शल होणार हे ठाऊक असताना चाप न ओढणं मला खंदकातल्या लढाईइतकंच अवघड वाटतं. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. सुटका झाली ती थेट १९४१ मध्ये.