घरी गाडीचं ऑइल बदलताना झालेली फजिती : अनुभव सांगा

पर्वतीचा_पायथा :
मंडळी, गेल्या रविवारी बाबांच्या जुन्या स्प्लेंडरचं ऑइल मी घरी बदललं. हिशेब सोपा होता. ९०० मिलीचा डबा, सतराचा पाना, अर्धा तास. या गाडीला कारसारखा बदलायचा फिल्टर नसतो, म्हणजे ती भानगडही नाही. सकाळी नऊला बसलो आणि दुपारी दीडला उठलो.

पहिला तास ड्रेन बोल्टने, म्हणजे जुनं ऑइल खाली सोडायच्या बोल्टने खाल्ला. मागच्या वेळी कोणी आवळला होता देव जाणे. माझ्याकडचा पाना फिक्स; दोनदा सटकला आणि बोल्टचे कोपरे गोल झाले. बाबा गॅलरीतून बघत होते. शेवटी रिंग पाना आणि नळाच्या पाइपचा तुकडा घेऊन खाली आले, पाइप पान्यात अडकवला, एक झटका दिला. बोल्ट 'कट्' करून सुटला. माझ्याकडे बघून बाबा एक अक्षर बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

खरी गंमत पुढे आहे. ऑइल धरायला गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन आडवा पाडून, वरची बाजू कापून ठेवला होता. त्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. वरून धार कॅनमध्ये, कॅनच्या तोंडातून पेव्हर ब्लॉकवर. मी मात्र काळ्या तेलात पडलेला बोल्ट चाचपत बसलो होतो. बघेपर्यंत निम्मं ऑइल शेजारच्या काकांच्या पार्किंगमध्ये पोचलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला तेव्हा माझे हातही धुवून झाले नव्हते.

डाग काढायला रांगोळी टाकली, मग लाकडाचा भुसा, मग कपड्याची पावडर. डाग फिकट झाला, गेला नाही. तुमचं काय झालं ते लिहा, म्हणजे मला जरा बरं वाटेल.

संत्र्याची_साल :
मी नागपूरची. माझी ॲक्टिव्हा. व्हिडिओ तीन वेळा पाहिला, मग बसली. खाली बोल्ट दिसला, खोलला. आलं किती? चहाचा एक कप! मला वाटलं ऑइल जळूनच गेलं बापा, बरं झालं वेळेवर पाहिलं. बोल्ट लावला आणि वरून नवीन ऑइल डब्यावर लिहिलं तेवढं ओतलं.

मी खोललेला बोल्ट मागच्या चाकाजवळचा होता. तो गिअर ऑइलचा. ते असतंच सव्वाशे मिलीच्या आसपास. म्हणजे इंजिनात जुनं अधिक नवं, दुप्पट ऑइल, आणि गिअर कोरडा ठणठणीत. धरमपेठेपर्यंत पोचली तर मागून पांढरा धूर, आणि सिग्नलवरचे लोक मला सांगताहेत, 'मॅडम, गाडी जळून राहिली.' एअर फिल्टरही तेलाने भिजला होता, तो बदलावा लागला.

पर्वतीचा_पायथा :
ताई, नमस्कार. माझा डाग एकदम छोटा वाटायला लागला.

रंकाळा_संध्याकाळ :
आमचं वेगळंच. मित्राच्या कारचं ऑइल बदललं, लिटरभर उरलं. महागातलं सिंथेटिक. वाया कशाला घालवायचं म्हणून आमच्या दीडशेच्या बाईकला घातलं की. दोन दिवस गाडी लोण्यासारखी. तिसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या चढाला मूठ पिळली तर इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी काय उचलत न्हाई. मागं बसलेला म्हणतोय, 'उतरू का लेका?' उतरून ढकलली. क्लच प्लेटा गेल्या.

गोटी_पाना :
@रंकाळा_संध्याकाळ, तुमच्यासारखे महिन्याला एक-दोन तरी येतात आमच्या गॅरेजात. बाईकचा क्लच इंजिन ऑइलातच बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनाला ती चांगली, पण क्लच प्लेटांना घर्षणच हवं असतं. म्हणून बाईकच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही जपानी मानकाची खूण बघायची. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा, तिला 'एमबी' चालतं. वरचं १०डब्ल्यू-३०, म्हणजे ऑइलचा दाटपणा, सगळे वाचतात, हे बारीक अक्षर कोणी वाचत नाही.

तीन_हात_नाका :
माझी वॅगन-आर. फिल्टर निघेना. पानाही नव्हता. मग ऐकीव ज्ञानाने फिल्टरमध्ये स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकला आणि फिरवला. फिल्टरचा पत्रा ओल्या पुठ्ठ्यासारखा फाटत गेला, फिल्टर होता तिथेच. ते तेल थेट काखेत. दोन तासांनी पट्टा गुंडाळून कसाबसा निघाला.

नवा फिल्टर लावला, ऑइल भरलं, डिपस्टिक बघितली, सगळं छान. गाडी काढली आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत ऑइलचा लाल दिवा. मागे वळून पाहिलं तर रस्त्यावर काळी रेघ, थेट आमच्या गेटपासून. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं होतं आणि मी त्याच्यावर नवा फिल्टर आवळला होता. दोन रबरं एकावर एक. दाब आल्याबरोबर सगळं बाहेर. तीन लिटर नवं ऑइल गेलं. दिवा दिसताक्षणी इंजिन बंद केलं, एवढीच काय ती अक्कल त्या दिवशी चालवली.

बर्फातली_पुरणपोळी :
आम्ही मिनेसोटात. अपार्टमेंटच्या भाडेकरारातच लिहिलंय, पार्किंगमध्ये गाडीचं काम करायचं नाही. म्हणून नवरा आणि मी मित्राच्या गॅरेजमध्ये गेलो. बाहेर उणे पंधरा. गाडीखाली प्लास्टिकचं मोठं कव्हर असतं, ते काढल्याशिवाय बोल्ट दिसतसुद्धा नाही. थंडीत त्याच्या क्लिपा बिस्किटासारख्या तुटल्या. दहातल्या सहा.

तरी काम झालं. इथे सुट्या भागांच्या दुकानांत वापरलेलं ऑइल फुकट परत घेतात, म्हणून ते कॅनमध्ये भरून डिकीत ठेवलं. पहिल्याच वळणावर कॅन आडवा. डिकीत आईने भारतातून पाठवलेली गोधडी होती. नवऱ्याशी मी दोन दिवस बोलले नाही. झाकण त्यानेच लावलं होतं.

पर्वतीचा_पायथा :
या धाग्यात झाकणाने बुडालेले आपण दोघे.

द्राक्षबाग_निफाड :
ट्रॅक्टरचं आम्ही कायम घरीच करतो, तासांच्या मीटरवर. सात लिटर घमेल्यात धरायचं. फजिती एकदाच. गरम ऑइलचं घमेलं बांधावर ठेवलं आणि शेळीने पाय घातला. ती शेळी घरभर फिरली. बाकी जळकं ऑइल आमच्याकडे वाया जात नाही. सेंटरिंगवाले प्लेटांना लावायला मागून नेतात.

गोटी_पाना :
दादा, शेळी भारी. पण ते जळकं ऑइल जमिनीत किंवा गटारात जाऊ देऊ नका. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात येतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घ्यायची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. घरी बदलणाऱ्याने ते कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजात द्यावं, आमच्याकडे बॅरल असतं. आणि रिकामा डबा भंगारात देताना त्याला आधी भोक पाडा. बनावट ऑइल भरायला असे अखंड डबेच लागतात.

आता माझी फजिती, बावीस वर्षांपूर्वीची, शिकाऊ असतानाची. गाडीखाली उताणं झोपलं की डावं-उजवं डोक्यात उलटं होतं. कारचा ड्रेन बोल्ट सोडवतोय असं समजून मी आवळत होतो, आणि सुटत नाही म्हणून लांब दांडा लावला. ॲल्युमिनियमचा चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी), लोखंडी बोल्ट. आटे गेले! उस्ताद काही बोलले नाहीत. चेंबर उतरवायला लावला, माझ्या खांद्यावर देऊन लेथवाल्याकडे चालत पाठवलं. तिथे टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून मोठा बोल्ट बसवला. तेव्हापासून कुठलाही बोल्ट बसवताना आधी बोटांनी तीन-चार फेरे देतो, मगच पाना. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका लागलाय. जोर कमी पडत नसतो.

संत्र्याची_साल :
@पर्वतीचा_पायथा, पण तुम्ही वॉशरचं काही लिहिलंच नाही. तो बदलला होता नं?

पर्वतीचा_पायथा :
कुठला वॉशर?

गोटी_पाना :
बोल्टच्या मागे ॲल्युमिनियमची चपटी चकती असते. बोल्ट तेलात पडला तेव्हा कॅनमध्ये राहिली असेल, नाहीतर अजून इंजिनाला चिकटलेली असेल. आत्ता गाडीखाली एक कागद टाकून या.

पर्वतीचा_पायथा :
टाकून आलो. थांबा जरा.

पर्वतीचा_पायथा :
अर्धा तास झाला. कागदावर रुपयाएवढा एक ठिपका. बाबा आधीच खाली उभे होते, हातात रिंग पाना.