सरांच्या नावानं फेलोशिप काढायचीय, कशी करावी?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. भाची डब्लिनला मास्टर्स करतीय, तिच्या रूमवरची आयरिश मुलगी आता पुढं शिकायला अमेरिकेला चाललीय, आणि खर्च कोण करतंय तर एका वारलेल्या माणसाच्या घरच्यांनी त्याच्या नावानं काढलेली फेलोशिप. ऐकल्यापासनं डोक्यात तेच आहे. आमचे गणिताचे सर गेल्या वर्षी गेले, मराठी शाळेतल्या किती पोरांना त्यांनी संध्याकाळी घरी बसवून फुकट शिकवलं, उशीर झाला की जेवूनच जा म्हणायचे. आम्ही माजी विद्यार्थी मिळून दहा लाख उभे करू. इथलं एक पोर दरवर्षी बाहेर पाठवता येईल का? कुणी केलंय काय असं, म्हणून विचारूलालोय.

वडगावची सुनीता:
दादा, फार चांगलं मनात आणलंय. पण दहा लाखांची एफडी सात टक्क्यांनी धरली तर वर्षाला सत्तर हजार देणार, त्यात फी भागत नाही. तरी सत्तर हजार योग्य वेळी हातात पडले तर लई मोठे असतात. आयर्लंडचंच घ्या, फी ६,००० युरोच्या वर असेल तर व्हिसाचा अर्ज करायच्या आधी निदान तेवढे कॉलेजला भरावे लागतात, आणि नेमकी तेव्हाच लोनची फाईल बँकेत पडून असते. माझ्या भावाच्या वेळी आईनं पाटल्या सोसायटीत गहाण ठेवल्या. त्या महिन्यात पैसे द्या, नंतर शाल-नारळ देऊन सत्कार नको.

निपाणीकर:
जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये असाच फंड काढला, तो कर्जाऊ आहे, शिकून आलेल्यानं परत करायचं म्हणजे पुढच्याला मिळतं. तो मिळालेल्या पहिल्या दोघी डॉक्टर बायका होत्या आणि त्यातल्या एक आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर! तुम्ही पण बिनव्याजी कर्ज ठेवा, नाहीतर फंड वाढायचा कधी?

सुनीता:
मला नाही पटत. बँकेचं लोन डोक्यावर असताना आणखी एक कर्ज कशाला? नोकरी लागल्यावर जमेल तेवढं फंडात घाला म्हणावं, सरांची पोरं घालतील.

शहापूर सीए:
आधी ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्टच्या नियमांचा दस्त, करून रजिस्टर करा, मग आयकर खात्याकडनं ट्रस्टच्या करसवलतीची आणि देणग्यांची मान्यता (बोलण्यात १२ए आणि ८०जी म्हणतात ती) घ्या, देणगी देणाऱ्यांना करात सूट मिळू शकते. पैसे इथंच, भारतातल्या खात्यावर द्या, परदेशात खर्च दिसला तर ट्रस्टच्या करसवलतीला अडचण येते. आणि डीडमध्ये "सीमाभागातील मराठी शाळेत शिकलेला" असं स्पष्ट लिहा. महाराष्ट्राची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती तिथल्या रहिवाशांनाच आहे, आपली कर्नाटकातली पोरं त्यात बसत नाहीत, हे बघून जीव तुटतो.
पोरांना आयर्लंड सरकारची स्कॉलरशिप पण भरायला सांगा, युरोपबाहेरच्यांना एक वर्षाची फी माफ आणि वर १०,००० युरो, पण जागा ६०च.

खानापूरकर:
सगळ्यांचे आभार. सुनीताताईंचं पटलं, कर्ज नाही, व्हिसाच्या आधीच द्यायचं. रविवारी सरांच्या घरी बसूलालोय, काकूंना विचारून नाव ठरवतो. सीए साहेब, डीडचा एखादा नमुना असला तर पाठवा की.